सॉफ्टवेअरमधे ‘रेफर केलं’ अशी नोंद होते, पण पुढे त्या माणसाचं काय झालं हे कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमधे तुमची छोटी संस्था आहे, सात-आठ कार्यकर्ते, इतके दिवस रजिस्टर आणि एक्सेलवर चाललं होतं, आता केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर घेतलंय आणि लोकांना दवाखान्यात, तहसीलला, वकिलाकडे पाठवलेलं त्यात कसं नोंदवायचं, जुन्या नोंदींचं काय करायचं हे कळत नाहीये. मी नाशिक तालुका आणि पेठ-हरसूल पट्ट्यात बायका-मुलांच्या केसेसचं काम करते, आधी वह्यांवर आणि आता बरीच वर्षं सॉफ्टवेअरवर, त्यामुळे जे हातून चुकलं त्यातूनच सांगते.

तुमच्या रेफरलच्या स्टेटसमधे ‘पूर्ण’ असा पर्याय असेल तर तो आजच काढून टाका. आमच्याकडे होता. गिरणाऱ्याच्या एका द्राक्षबागेत कामाला आलेली पेठकडची एक बाई होती, नवरा मारायचा, तिला वकील हवा होता. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून आमच्या कार्यकर्तीने चिठ्ठी दिली, पत्ता समजावला, सॉफ्टवेअरमधे रेफरल टाकला आणि ‘पूर्ण’ करून मोकळी झाली. बाई दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने नाशिकच्या सीबीएस स्टँडला उतरून विचारत विचारत पोचली आणि तो नेमका दुसरा शनिवार निघाला, कार्यालय बंद. परत आल्यावर मुकादमाची बोलणी खाल्ली आणि पुन्हा काही ती गेली नाही. आमच्या स्क्रीनवर मात्र दोन महिने ती केस हिरवी दिसत होती, शिमग्याला सगळी मंडळी गावाकडे निघाली तेव्हा सहज विचारलं म्हणून कळलं. मला ते आजही लागतं, कारण कुणी खोटं काही लिहिलं नव्हतं, फक्त आम्ही पाठवलं यालाच काम झालं समजत होतो.

त्यानंतर आम्ही स्टेटस असे केले: पाठवलं, पोचली, सेवा मिळाली, मिळाली नाही, स्वतःच नको म्हणाली. प्रत्येकाला वेगळी तारीख, आणि शेजारी ‘हे कुणाकडून कळलं’ असा एक रकाना, म्हणजे ती स्वतः बोलली की तिकडच्या माणसाने फोनवर सांगितलं की आपणच धरून चाललो. हा रकाना लोकांना फालतू वाटतो पण तोच सगळ्यात जास्त खरं बोलतो. ‘मिळाली नाही’ निवडलं की कारण विचारायचं आणि ती कारणं ऑफिसात बसून ठरवू नका, पहिले दोन महिने कार्यकर्त्यांना मोकळं लिहू द्या आणि मग त्यातूनच यादी काढा. आमची यादी अशी निघाली की दिवसाची मजुरी बुडते, भाड्याला पैसे नाहीत, कागद कमी पडले, तिथला माणूस जागेवर नव्हता, घरच्यांनी अडवलं, भीती वाटली. कागदांचं इतक्यांदा यायला लागलं की आता संजय गांधी निराधार योजनेच्या पैशांसाठी कुणाला तहसीलला पाठवायचं तर उत्पन्नाचा दाखला हातात आल्याशिवाय रेफरल टाकतच नाही, आधी दाखला काढून देणं हेच आमचं काम धरतो.

दुसरं म्हणजे प्रत्येक रेफरलला एका माणसाचं नाव आणि पुढच्या पाठपुराव्याची तारीख पाहिजेच, तारीख टाकल्याशिवाय फॉर्म सेव्हच होऊ नये असं सेटिंग करून घ्या. ‘टीम बघेल’ असं लिहिलं की कुणीच बघत नाही. रेफर करणं आणि केस सोपवणं यातही गल्लत होते. युनिसेफचं बालसंरक्षणासाठी ‘प्रिमेरो’ नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे त्यात या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत, रेफरलमधे दुसऱ्याकडून एखादी सेवा घ्यायची पण केस आपल्याच नावावर राहते आणि ट्रान्सफरमधे केसची मालकीच दुसऱ्याकडे जाते. तुमचं सॉफ्टवेअर दुसरं कुठलं असेल तरी हा फरक त्यात बसवून घ्या. आपल्याकडे तर फारच गरज आहे, कारण द्राक्षाचा हंगाम संपला की कुटुंब सुरगाण्याला परत जातं, तेव्हा तिकडच्या कार्यकर्तीने केस घेतली असं सिस्टीममधे ‘स्वीकारली’ दाबून कळवेपर्यंत ती इकडच्याच नावावर राहिली पाहिजे, नाहीतर ती बाई मधल्यामधे कुणाचीच राहत नाही.

कुठे पाठवलं हे कधीही हाताने टाइप करू देऊ नका. आमच्याकडे ‘सिव्हिल’, ‘सिव्हिल हॉस्पिटल’, ‘जिल्हा रुग्णालय’ आणि ‘त्र्यंबक नाक्याचा सरकारी दवाखाना’ अशी एकाच जागेची चार नावं होती आणि वर्षाचा रिपोर्ट काढताना चार वेगळ्या संस्था दिसायच्या. एक पक्की यादी करा, ड्रॉपडाउनमधूनच निवडायचं, आणि यादीत प्रत्येक ठिकाणापुढे कुठल्या वारी, किती वाजता, कुठल्या खिडकीवर, काय कागद लागतात आणि सुट्टीचे दिवस कुठले हे लिहा. दर तीन महिन्यांनी एकाने बसून फोन करून ती यादी तपासायची, कारण माणसं बदलतात, वार बदलतात.

आता फोन नंबरचं. हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. बायका देतात तो नंबर बहुतेकदा नवऱ्याचा नाहीतर दिराचा असतो आणि सॉफ्टवेअरमधे नुसता ‘मोबाइल’ असा रकाना असतो, मग पाठपुराव्याला फोन लावला की नवरा उचलतो आणि आपण ‘ताई वकिलाकडे जाऊन आल्या का’ असं विचारून मोकळे. तिकडे संध्याकाळी त्या बाईचं काय होईल याचा विचार करा. म्हणून नंबर कुणाचा आहे, फोन केलेला चालेल का, किती वाजता, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं हे चार रकाने घाला. आमच्याकडे ‘अंगणवाडीचं काम होतं’ असं सांगायचं ठरलेलं असतं ते तिनेच सुचवलेलं असतं. मेसेज आपोआप जायची सोय असेल तर अशा केसेससाठी ती बंदच ठेवा.

संमतीबद्दल थोडक्यात सांगते. ‘संमती आहे’ अशी एकच टिक पुरत नाही, कुणाला काय सांगायला ती तयार आहे ते प्रत्येक रेफरलला वेगळं विचारावं लागतं. रेशन कार्डासाठी पाठवताना तिच्या मारहाणीची माहिती पुढे जायचं काही कारण नाही. एचआयव्हीबाबत तर 2017 च्या कायद्याने गोपनीयता बंधनकारकच आहे, तो रकाना सगळ्या स्टाफला दिसता कामा नये, ज्याची केस आहे त्यालाच. पण लहान मुलांचं वेगळं आहे, 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो या 2012 च्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं, तिथे ‘संमती नाही’ म्हणून थांबता येत नाही, आणि निराधार किंवा हरवलेलं मूल सापडलं तर 24 तासांच्या आत बालकल्याण समितीसमोर न्यायचं असतं. म्हणून आमच्या संमतीच्या रकान्यात तिसरा पर्याय आहे, ‘कायद्याने कळवणं भाग’. आणि कृपा करून केसचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, नाव झाकून सुद्धा नको, गावात नावाशिवाय पण ओळखतात.

पेठ, सुरगाण्याकडे काम असेल तर रेंजचा प्रश्न येणार, तेव्हा ऑफलाइन चालणारं ॲप आहे का ते आधी बघा, कॉमकेअरसारख्या ॲपमधे मोबाइलवर नोंद होते आणि नेटवर्कमधे आलं की वर चढते. नसेल तर कागदी चिठ्ठीचं पुस्तक ठेवा, अर्धी चिठ्ठी बाईकडे अर्धी आपल्याकडे, आणि शुक्रवारी सगळ्यांनी बसून भरायचं.

आशाताई, अंगणवाडीताई, पोलीस यांच्याकडून आपल्याकडे येणारे रेफरल पण तसेच नोंदवा आणि त्यांना उलटा निरोप द्या, ‘तुम्ही पाठवलेली ताई आली, काम सुरू केलंय’ एवढाच, बाकी तपशील नाही. हे केलं की त्या पुढची केस आपणहून पाठवतात. देणगीदाराला रिपोर्ट देताना किती रेफर केले हा आकडा मागतात, तो द्या, पण शेजारी किती जणांना खरंच सेवा मिळाली तोही द्या, न विचारता द्या. पहिल्या वर्षी तो आकडा बघून आमच्या मीटिंगमधे शांतता पसरली होती पण प्रवासखर्चाचं बजेट त्या आकड्यामुळेच मंजूर झालं.

आणि जुन्या एक्सेलचं विचारलंय तर सगळं भरायच्या भानगडीत पडू नका, मागे आम्ही उन्हाळाभर तेच करत बसलो आणि चालू केसेस तशाच राहिल्या. फक्त ज्यांना पाठवलं पण काय झालं माहीत नाही अशी नावं वेगळी काढा, दोघीतिघींमधे वाटून घ्या, आणि सॉफ्टवेअरमधे घालण्याआधी प्रत्येकीला एकदा भेटा, नाहीतर फोन करा, नंबर कुणाचा आहे ते बघून.