वारंवार मुरगळणाऱ्या घोट्यासाठी

नागपूर

बेटा,

उजवा घोटा मुरगळतो, तू आठ-दहा दिवस घरी बसतेस, सूज उतरली की कबड्डीच्या मॅटवर येतेस आणि एखाद्या चढाईत तो पुन्हा दगा देतो. दोन वर्षं हेच चाललंय. आता महिनाभर पूर्ण विश्रांती घेऊ का, असं तू विचारलंस. नको घेऊस. विश्रांती भरपूर झाली, घोट्याला पुन्हा तयार करायचं तेवढं राहून गेलं.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला तीन लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे पट्टे असतात. पाऊल आत वळलं की सर्वांत पुढचं लिगामेंट आधी फाटतं. ते भरून येतं, पण बरेचदा थोडं सैल राहतं. शिवाय पाऊल किती कललंय याची खबर मेंदूला देणारे तंतूही तिथेच असतात, त्यांनाही मार बसतो. १९६५ साली ब्रिटनमध्ये फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं. डगमगत्या फळीवर तोलाचा सराव केलेल्या त्यांच्या रुग्णांमध्ये पाय अचानक लटपटण्याची तक्रार कमी राहिली होती. नडगीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनिअल स्नायू पाऊल आत कलताना सावरतात. खबर उशिरा पोचली की तेही उशिरा आवळतात, तोवर पाय वळलेला असतो. म्हणून दुखणं थांबलं याचा अर्थ घोटा तयार झाला असा धरू नकोस.

आधी मोजणी. वहीत दोन्ही पायांचे आकडे शेजारी-शेजारी लिही.

अनवाणी भिंतीसमोर उभी राहा. टाच जमिनीवर ठेवून गुडघा भिंतीला टेकव आणि पाऊल हळूहळू मागे घे. टाच न उचलता गुडघा शेवटचा टेकतो तिथे अंगठ्यापासून भिंतीपर्यंत टेपने माप घे. डाव्या-उजव्यात दोन सेंटिमीटर किंवा जास्त फरक असेल तर घोटा आखडलाय. असा घोटा उडीनंतर पुरेसा वाकत नाही आणि भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातो.

मग एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, बोटं भिंतीला जेमतेम लावून टाच वर-खाली कर. तुझ्या वयाच्या खेळाडूला पंचविसेक जमायला हवेत. टाचेची उंची कमी झाली की मोजणं बंद. पुढचे धरायचे नाहीत. शेवटी कमरेवर हात ठेवून एका पायावर ३० सेकंद, आधी डोळे उघडे, मग मिटून.

आता व्यायाम. तोल आणि घोट्याचं वाकणं रोज, ताकद एक दिवसाआड.

आखडलेपणासाठी भिंतीचीच हालचाल: १०-१२ वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबून, तीन फेऱ्या. ताण मागे पोटरीत यायला हवा. पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं वाटलं तर जोर लावू नकोस, तिथे फिजिओच्या हाताची गरज आहे. गुडघा आत पडला की पावलाची कमान खचते आणि माप खोटं चांगलं येतं. गुडघा दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत ठेव.

पेरोनिअलसाठी रबरी बँड. जमिनीवर पाय लांब करून बस, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी. बँडचं एक टोक पलंगाच्या पायाला बांध. तो तुझ्या डाव्या हाताला हवा, म्हणजे बँड उजवं पाऊल आत ओढेल. चवड्याची बाहेरची कड एका सेकंदात बाहेर ने, तीन सेकंदांत सावकाश परत आण. १५ वेळा, तीन फेऱ्या. इथे बहुतेकांचा अख्खा पाय कमरेतून फिरतो आणि पेरोनिअलला काही कामच उरत नाही. गुडघ्यावर हात ठेव, वाटी छताकडेच राहिली पाहिजे. परतीचा भाग घाईत उरकू नकोस. मॅटवर नेमकं तेच लागणार आहे: आत ओढल्या जाणाऱ्या पावलाला धरून ठेवणं.

पोटरीसाठी पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वर-खाली, १२ च्या तीन फेऱ्या. आधी दोन्ही पाय, मग एक, मग पाठीवरच्या बॅगेत पाच किलो. एक फेरी गुडघा किंचित वाकवूनही कर. पोटरीतला खोलवरचा स्नायू तसाच कामाला लागतो.

तोल साधताना टाच, अंगठ्याचं मूळ आणि करंगळीचं मूळ, तिन्ही जमिनीला टेकलेले हवेत. फरशीवर ३० सेकंद स्थिर जमले की घडी घातलेल्या उशीवर, नंतर भिंतीवर चेंडू मारून झेलत. त्यासोबत दुसऱ्या पायाच्या बोटाने पुढे आणि तिरकस मागे दोन्हीकडे जितकं दूर जमेल तितकं जमिनीला हलका स्पर्श कर. पुढच्या दिशेला दोन पायांत चार सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेपर्यंत मॅटवर वेगाने दिशा बदलायची नाही.

व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, मात्र दुसऱ्या सकाळी ते पहिल्यासारखं व्हायला हवं. सूज डोळ्यांनी जोखू नकोस. शिंप्याचा टेप घोट्याभोवती आठच्या आकड्यासारखा गुंडाळ आणि रोज सकाळी अंथरुणातून उठल्याबरोबर माप घे. माप वाढलं तर त्या दिवशी ताकदीचा व्यायाम निम्मा.

उड्या मारायला घाई नको. भिंतीच्या मापातला फरक एक सेंटिमीटरच्या आत आला आणि टाचेचे आकडे डाव्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोचले, की दोन्ही पायांवर जागच्या जागी उड्या, १० च्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. मग आडव्या, मग एका पायावर. प्रतिस्पर्ध्याने घोटा पकडल्यावर सुटण्याचा सराव सर्वांत शेवटी, कारण तिथे पाऊल कुठे ओढलं जाईल हे तुझ्या हातात नसतं. नियमाने केलंस तर पूर्ण सामन्याला साधारण तीन महिने लागतील.

धावणं सपाट ट्रॅकवर सुरू कर. काळ्या मातीचं मैदान पावसाळ्यात पाय धरून ठेवतं आणि एप्रिल-मेमध्ये त्यातल्या भेगांत पाऊल अडकतं. आपल्याकडच्या सिमेंट रस्त्यांची कड बाजूच्या मातीपेक्षा उंच असते. गाडीला वाट द्यायला बाजूला होताना घोटे तिथेच वळतात. सेमिनरी हिल्सचा उतार शेवटच्या महिन्यासाठी ठेव.

सराव आणि सामन्यात वर्षभर घोट्याला आधार देणारा, नाडी बांधायचा ब्रेस घाल. त्याने स्नायू कमजोर होतात ही भीती काढून टाक. घोट्याला चिकटवायच्या टेपची पकड अर्ध्या तासाच्या खेळातच सैल होते, आपल्या उन्हाळ्यात घामाने आणखी लवकर. क्रेप बँडेज सुजेला दाब देतं, पण पाऊल वळण्यापासून वाचवत नाही. बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजली असेल तर बूट बदल.

आजीचा हळदीचा गरम लेप लाव, बरं वाटेल. घोटा कडकन मोडून "बसवून" देणाऱ्याकडे मात्र जाऊ नकोस. लिगामेंट जागेवरून सरकलेलं नसतं, ते सैल झालेलं असतं. झटक्याने ते आणखी ताणलं जाईल. सामन्याआधी वेदनाशामक गोळीही नको, ती घोट्याचा इशारा झाकते.

काही लक्षणं दिसली तर व्यायाम थांबवून थेट मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या अस्थिरोग ओपीडीत जा. घोटा मध्येच अडकणं किंवा आत खोलवर दुखत राहणं, कारण सांध्यातल्या कूर्चेला इजा असू शकते आणि साध्या एक्स-रेत ती निसटू शकते. बाहेरच्या हाडामागे स्नायूची दोरी टक् करून सरकणं. पावलाला बधिरता. पुन्हा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता आली नाहीत किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखलं, तर त्याच दिवशी एक्स-रे. तीन ते सहा महिने नीट व्यायाम करूनही पाय लटपटत राहिला तरच लिगामेंट शिवून घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. तिच्यानंतरही हेच व्यायाम करावे लागतात.

येत्या रविवारी सकाळी, पायाला थकवा नसताना, पहिली मोजणी कर आणि दोन्ही पायांचे आकडे मला पाठव. बँड किती जाड घ्यायचा ते त्यावरून सांगतो. तोवर मॅटवर फक्त हातांचा सराव.

तुझे सर