स्टोव्ह विकण्याआधी मागची पाटी वाच

अमेरिकेत लाकडी स्टोव्हच्या दुकानात नवीन लागला आहेस, तर आधी प्रत्येक स्टोव्हच्या मागची ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची) पाटी वाचायला शिक. १५ मे २०२० पासून तासाला २ ग्रॅमपेक्षा जास्त धूरकण सोडणारा नवा स्टोव्ह विकताच येत नाही. चाचणी मापात कापलेल्या लाकडाऐवजी साध्या सरपणावर झाली असेल, तर मर्यादा २.५. आधी ती ४.५ होती. त्यामुळे गोदामातला जुना माल कोणी स्वस्तात देऊ केला, तरी घेऊ नकोस.

गिऱ्हाइकाला मात्र नुसते आकडे ऐकवू नकोस. लाकूड ओलं असेल तर उत्तम स्टोव्हही धुरकटतोच! ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला मॉइश्चर मीटर टोचून दाखव. ओलावा २० टक्क्यांखाली हवा. कॅटॅलिटिक मॉडेल असेल, तर त्यातला कंबस्टर (धूर जाळून टाकणारा भाग) पुढेमागे बदलावा लागतो, हे बिल करण्याआधीच सांग.