तिसरीचा गणिताचा निकाल ६७ टक्क्यांवरून ५३वर आला, तर ती शाळा नाकारावी का?

एवढ्याच कारणावरून नाकारू नये, असे माझे मत आहे. आपण लिहिले आहे त्याप्रमाणे बदलीमुळे आपण नाशिकहून बडोद्याला येत आहात, मुलगी जूनमध्ये तिसरीत जाईल, आणि दांडिया बाजाराच्या बाजूच्या ज्या गुजराती माध्यमाच्या शाळेत चौकशी केली तिथे प्रमाणित चाचणीत गणितात उत्तीर्ण होणाऱ्या मुलांचे प्रमाण वर्षभरात ६७ टक्क्यांवरून ५३वर उतरले. वाचनाचे मात्र होते तिथेच राहिले. मी याच शहरात एकतीस वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवले आणि असे निकालाचे तक्ते स्वतः भरले, त्यामुळे त्यांच्यात काय दिसते आणि काय दडते हे थोडेफार सांगू शकते.

त्या वर्गाचा पट तीसचा आहे, असे आपणच कळवले आहे. तेव्हा ६७ टक्के म्हणजे वीस मुले आणि ५३ टक्के म्हणजे सोळा. फरक चार मुलांचा आहे, आणि तीही मुले निराळी, कारण गेल्या वर्षीची तिसरी आता चौथीत बसते. इतक्या लहान वर्गात शिकवण्यात काडीचाही बदल न होता दोन वर्षांच्या निकालांत तेरा-चौदा टक्क्यांचे अंतर सहज पडते. तीन-चार वर्षे निकाल सलग उतरत गेला असता, तर मी वेगळे लिहिले असते.

दुसरे म्हणजे ती चाचणी कोणती होती, हे विचारून घ्यावे. केंद्राचे राष्ट्रीय सर्वेक्षण, जे ४ डिसेंबर २०२४ रोजी ‘परख’ या नावाने तिसरी, सहावी आणि नववीसाठी झाले, ते निवडक शाळांतील निवडक मुलांवर होते आणि जिल्ह्याचे व राज्याचे चित्र पाहण्यासाठी असते. एका शाळेची पारख करण्यासाठी ते आखलेलेच नाही. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ अहवाल ग्रामीण भागातल्या घरोघरी जाऊन केला जातो, म्हणजे बडोदा शहर त्यात येतच नाही. पण देशभर तिसरीची स्थिती कशी आहे हे कळण्यासाठी त्यातले दोन आकडे मनाशी ठेवण्यासारखे आहेत. २०२४ मध्ये देशभरातल्या ग्रामीण तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुले २७.१ टक्के होती आणि वजाबाकी करू शकणारी ३३.७ टक्के. शाळेने स्वतः घेतलेली चाचणी असेल आणि प्रश्न चार पर्यायांचे असतील, तर काहीही न येणारे मूलसुद्धा केवळ खुणा करून सरासरी पंचवीस टक्क्यांपर्यंत पोहोचते, हेही लक्षात असू द्यावे.

टक्केवारीत काय हरवते, त्याचा माझ्याच वर्गातला एक दाखला देते. एका मुलाने हातच्याच्या दहा वजाबाक्यांपैकी दहाही चुकवल्या होत्या. ५२ वजा ३७ याचे उत्तर त्याने २५ लिहिले होते. कसे केलेस म्हणून विचारले, तर ठामपणे म्हणाला, ‘सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन.’ मोठ्यातून लहान काढायचे एवढाच नियम त्याने धरला होता आणि तो दहाही वेळा इमानाने पाळला होता. मी आगकाड्यांचे दहा-दहाचे पाच जुडगे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवून सदतीस काड्या मागितल्या. तीन जुडगे दिल्यावर तो अडला, बराच वेळ सुट्या दोन काड्यांकडे पाहत बसला आणि मग आपणहून चौथ्या जुडग्याचे रबर काढले. तक्त्यात त्याच्या नावापुढे शून्य होते. चूक मात्र एकच होती.

सयाजीरावांनी १९०६ मध्ये ज्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच्या राजधानीच्या या शहरातच वाचन-गणिताच्या चाचण्यांवरचा एक गाजलेला अभ्यास झाला, हे बडोदेकरांनाही फारसे ठाऊक नसते. २००१ ते २००३ या काळात येथील आणि मुंबईतील महानगरपालिकेच्या शाळांत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसणारी ‘बालसखी’ नेमण्यात आली. ती बहुधा त्याच वस्तीतली तरुणी असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार गुणांतली वाढ पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत, त्याचे माप) इतकी होती. दुसऱ्या वर्षीच्या वाढीचा अर्थ असा, की वर्गात बरोबर मध्यावर असलेले मूल खालून मोजता शंभरातल्या एकसष्टाव्या जागेच्या आसपास पोहोचावे. बडोद्यात चौथीच्या मुलांना संगणकावर गणिताचे खेळ दिले तेव्हा दुसऱ्या वर्षी गणितातली वाढ ०.४७ पर्यंत गेली, पण कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात तिच्यातली बरीचशी ओसरली. म्हणून मुख्याध्यापकांना निकाल विचारण्यापेक्षा जी सोळा नव्हे तर उरलेली चौदा मुले आहेत त्यांच्यासाठी रोज कोण, किती वेळ बसते, हे विचारावे. उत्तर द्यायला ते किती वेळ घेतात, यावरूनही बरेच कळेल.

आपल्या मुलीच्या बाबतीत मला खरी काळजी वेगळीच वाटते. ती मराठीतून शिकत आली आहे. इथे बेरजेला ‘सरवाळो’, वजाबाकीला ‘बादबाकी’ आणि आपल्या हातच्याला ‘वद्दी’ म्हणतात. अक्षरांवर शिरोरेषा नसते, आणि गुजरातीतला पाच आपल्या ‘प’सारखा दिसतो. बेरजा तोंडपाठ असलेली एक मराठी मुलगी पहिल्या चाचणीत कोरा कागद देऊन आली होती, कारण ‘सरवाळो करो’ म्हणजे काय करायचे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिच्या आईवडिलांनी आधी गणिताची शिकवणी लावली. ती बंद करून दीड महिना रोज अर्धा तास गुजराती बालवाचन घेतले, तेव्हा गणिताचे गुणही आपसूक वर आले.

तेव्हा एप्रिल-मेमध्ये शहरात आलात की त्या शाळेतल्या दुसरीच्या चार-पाच वह्या पाहायला मागा. सगळ्यांची उत्तरे फळ्यावरून उतरवल्यासारखी एकसारखी असतील तर सावध व्हा. चुका निरनिराळ्या असतील आणि त्यांच्याशेजारी शिक्षकाने काही लिहिलेले असेल, तर ५३ टक्के असूनही मी माझी नात तिथे घातली असती.