कोल्हापूरहून दोन दिवसांसाठी मुंबईला गेल्यावर काय काय बघावं?

तुमच्या प्रश्नातलं ते ‘अंधेरीचे पाहुणे म्हणतात कारनं दोन दिवसांत सगळी मुंबई दाखवतो’ वाचलं आणि डोकंच सटकलं माझं. तुमच्याबरोबर आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी आहे हे लक्षात ठेवून लिहितोय, पण मध्येच घसरलो तर सांभाळून घ्या.

पाहुण्यांकडं जेवायला जा, मुक्कामाला जा, मुंबई बघायला मात्र त्यांच्या गाडीत बसू नका. आमचे दाजी बोरिवलीला असतात. माणूस चांगला, पाहुणचारात कधी कमी पडत नाही, पण मुंबई दाखवायची त्यांची एक ठरलेली फेरी आहे. सिद्धिविनायक, मग सी लिंक, मग बांद्र्याचे हिरोंचे बंगले, जुहू, आणि शेवटी पाय दुखले म्हणून मॉल. पाय कसे दुखतात तेच कळत नाही, दिवसभर गाडीतच तर बसलेलो असतो.

आबांना म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन गेलो तेव्हाही हीच फेरी झाली. आबांची सगळी नोकरी उद्यमनगरातल्या फाउंड्रीत म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात गेली, समुद्र म्हणून त्यांनी बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे आपला रंकाळा तलाव. गाडीत बसल्यापासून एकच विचारत होते, "बंदर कुठाय?" दाजी म्हणायचे, "दाखवतो मामा, आधी हा बंगला बघा." बंगल्याबाहेर एवढी गर्दी की गाडी जागची हलेना, आणि दिसलं काय तर एक गेट आणि दोन वॉचमन. आबा म्हणाले, "ह्यापेक्षा आपला न्यू पॅलेस बरा, आत तरी सोडत्यात." दाजींना ते लागलं.

दुसऱ्या दिवशी मी दाजींना न सांगता आई-आबांना घेऊन लोकलनं चर्चगेट, तिथून टॅक्सीनं गेटवे आणि सरळ घारापुरीच्या, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटाच्या लाँचमध्ये. माझं उत्तर खरं तर एवढंच आहे. मुंबई बंदर होती म्हणून मुंबई झाली, तेव्हा ती पाण्यातून बघायची.

लाँच सुटली की आधी गेटवे आणि ताज एकत्र दिसतात, फोटो तेव्हा काढा, जमिनीवरून धक्काबुक्कीत काढू नका. ताज 1903 चं आणि गेटवे 1924 चा, म्हणजे हॉटेल आधीचं, हे मुलीला सांगा, मुलांना असलं आवडतं. पुढं नेव्हीची जहाजं, तेलाचे टँकर, लांबवर न्हावाशेवा बंदराच्या क्रेन. पण आबांचं ह्यातल्या कशाकडंच लक्ष नव्हतं. वर सुकाणूवर बसलेला माणूस एक दोरी ओढायचा, खाली इंजिनपाशी घंटी वाजायची, आणि तिथं घामाघूम होऊन बसलेला पोरगा घंटीच्या ठोक्यावर इंजिन मागं-पुढं करायचा. दोघांना एकमेकाचं तोंडसुद्धा दिसत नव्हतं. आबा वाकून वाकून खाली बघत होते. "आरं, लॉरीचंच इंजान हाय की हे!" म्हणाले आणि त्या पोराशी गिअरबॉक्सवर जे बोलत बसले ते धक्का येईपर्यंत. आईनं शेंगा संपवल्या.

डाव्या हाताला गोद्या आहेत तिकडं बोट दाखवून मी 1944 च्या स्फोटाची गोष्ट सांगितली. 14 एप्रिलला फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाला आग लागली, पोटात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा, सगळं एकत्र. जहाज फुटलं, गोदी गेली, विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे कितीतरी जवान गेले. आबा एकदम म्हणाले, "चौदा एप्रिल? म्हंजे आमच्या कारखान्यात फायरचा आठवडा असायचा तो?" तोच. इतकी वर्षं दर एप्रिलला वाळूच्या बादल्यांसमोर उभं राहून भाषण ऐकलेलं, पण ते कशापायी ते कुणी सांगितलंच नव्हतं.

लेण्यांचं मी काय सांगू, युनेस्कोच्या यादीत 1987 पासून आहेत, वीसेक फूट उंचीची त्रिमूर्ती आहे, हे तुम्हाला माहीत असणारच. आबा मात्र त्रिमूर्तीच्या गालाकडं बघत जोड शोधत होते. ओतकामात साच्याचे दोन भाग जुळतात तिथं रेघ येते ना, ती. "पार्टिंग लाइन कुठं दिसंना," म्हणाले. मी म्हटलं ओतलेलं नाही आबा, डोंगरच आतून कोरत गेलेत, खांबसुद्धा वरून आणून उभे केलेले नाहीत. मग बराच वेळ एका खांबाला पाठ लावून बसले. अर्धनारी, नटराज, कैलास हलवणारा रावण सगळं बघितलं, हातपाय तुटलेल्या मूर्ती बघून तोडणाऱ्यांना कोल्हापुरी शिव्याही दिल्या.

संध्याकाळी दाजी म्हणतात, "दगडं बघायला मुंबईला कशाला यायचं, तुमच्याकडं जोतिबाला आहेत की." आणि वर "मामांना उन्हात फिरवलं." हे ‘उन्हात फिरवलं’ अजून प्रत्येक लग्नात, बारशात निघतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहून ठेवतो: धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी असते, पायऱ्यांवर दोन्ही बाजूंच्या दुकानांची सावली असते, आणि ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. आबा स्वतःच्या पायानं चढले. तुमच्या आई-वडिलांचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही बघा, सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत.

मुलीसाठी दुसऱ्या दिवशी राणीबाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणीसंग्रहालय. पेंग्विन बघू दे तिला, पण तिथंच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, 1872 चं, आणि त्याच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. ह्या हत्तीवरूनच बेटाला एलिफंटा नाव पडलं. इंग्रजांनी तो 1864 मध्ये विलायतेला न्यायला काढला आणि उचलताना पडून फुटला, नंतर तुकडे जोडून उभा केला. आदल्या दिवशी घारापुरी बघून आलेलं पोर हा हत्ती बघताना वेगळंच बघतं.

रेल्वेनं गेलात तर सीएसएमटीला उतरून लगेच टॅक्सी शोधू नका. रस्ता ओलांडून पलीकडं जा आणि मागं वळून बघा. स्टेशनच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि एका खांबावर वाघ आहे, सिंह इंग्रजांचा आणि वाघ आपला. 1878 ला काम सुरू होऊन दहा वर्षं चाललं होतं. रोज लाखो लोक खालून पळतात, वर कोणी बघत नाही.

आणि एक कोल्हापूरकर म्हणून राग येतो ते सांगतोच. आपली माणसं हिरोच्या बंगल्याबाहेर तासभर उभी राहतात, पण शाहू महाराज 6 मे 1922 ला गेले ते मुंबईतच, गिरगावात खेतवाडीच्या पन्हाळा लॉजवर, हे बहुतेकांना ठाऊकही नसतं. गिरगावात जेवायला गेलात तर खेतवाडीतून एक चक्कर मारा, बंगल्यापेक्षा बरं. मुंबईच्या महालक्ष्मीला जावं का म्हणाल तर देवीला नको कसं म्हणू, पण घरात अंबाबाई असणाऱ्यानं तिथं दोन तास रांगेत घालवावेत का, ते तुमच्या आईला विचारा.

कारबद्दल जरा जास्तच बोललो असेन. गाडीतून बघण्यासारखी एक गोष्ट आहे, अटल सेतू, समुद्रावरचा पूल, जानेवारी 2024 ला सुरू झालेला, जवळपास 22 किलोमीटर. कोल्हापूरहून स्वतःच्या गाडीनं येणार असाल तर त्याच्यावरून शिवडीला उतरा. हे दाजींना सांगू नका.

पावसाळ्यात जाणार असाल तर वरचं निम्मं उत्तर रद्द, समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात. लाँचमध्ये लाइफ जॅकेट देतील ते मांडीवर ठेवू नका, अंगात घाला, मुलीला आधी. डिसेंबर 2024 मध्ये त्याच पाण्यात बोटीला अपघात होऊन माणसं गेलीत. माकडांसमोर खायच्या पिशव्या उघडू नका. लोकलला सकाळच्या गर्दीत आई-वडिलांना चढवू नका, अकरानंतर बरं असतं, पण मग लाँचला उशीर होतो, त्यामुळं मुक्काम शक्यतो दादरच्या अलीकडं गेटवेच्या बाजूला बघा. हॉटेलचं मला विचारू नका, आम्ही कायम दाजींकडंच उतरतो.

सोमवारी घारापुरी बंद असते आणि बुधवारी राणीबाग, तेव्हा गुरुवार-शुक्रवार धरा. अंधेरीच्या पाहुण्यांनाही त्या दिवशी सुट्टी नसंल.