अकरावीतला मुलगा क्लास सुटला की पूल पार्लरमध्ये जातो, त्याला थांबवू का?

नका थांबवू. उत्तर खरं तर इथेच संपलं. पण खाली तुम्ही 'ती जागा चांगल्या घरच्या मुलांची नव्हे' असंही लिहिलंय, म्हणून पुढचं.

नारायण पेठेत आमच्या वाड्यापासून चार घरांवर, छापखान्याखालच्या तळघरात पूलची, म्हणजे काठीने बॉल भोकात घालायच्या खेळाची, दोन टेबलं होती. एकाच्या कापडाला मधोमध ठिगळ. त्यावरून बॉल हमखास डावीकडे जायचा, आणि ते आम्हा नेहमीच्यांना पाठ होतं. नवख्याला सांगायचं नाही. तासाला 40 रुपये, हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे.

1998 च्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी चहाडी केली आणि वडील मंडईतून परस्पर तिथे उतरले. हातात पिशवी, पिशवीतून मेथी डोकावतेय. माझा फक्त काळा बॉल राहिला होता, तो गेला की डाव माझा. अख्खं तळघर चिडीचूप. मालक म्हणाले, "काका, दोन मिनिटं, शेवटचा बॉल आहे." वडील चक्क थांबले. मी काळा घातला आणि त्याच्या मागोमाग ज्याने मारायचं तो पांढराही गेला. म्हणजे डावच गेला. वडील मंडळाच्या कॅरम स्पर्धेतले जुने खेळाडू, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "स्ट्रायकर घालवलास," एवढंच म्हणाले, 40 रुपये मोजून दिले आणि जिना चढले. पुढे आठ दिवस अबोला.

बारावीला गणितात 51 पडले, कारण तळघर. इंजिनिअरिंग हुकलं, तेही तळघरामुळेच. क्लासचे सर अर्धं वर्ष फिरकलेच नाहीत, हे कोणी हिशोबात धरत नाही. आणि गणपतीत मांडवामागे पहाटेपर्यंत कॅरम कुटणारी पोरं मात्र मंडळाचे आधारस्तंभ! विल्सन जोन्स आपल्या पुण्यात जन्मला. 1958 मध्ये कलकत्त्यात पूलच्याच जातीच्या बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झाला, 1964 मध्ये पुन्हा झाला. वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेला पहिला भारतीय! हे वडिलांना ऐकवलं, तर म्हणाले, "तो जगज्जेता झाला. तुला 51 पडले."

तुमच्या मुलाला एवढंच विचारा, की टेबलाचे पैसे बहुतेक वेळा कोण देतं. तोच देत असेल तर अजून शिकतोय, घरी कुरकुर करू नका. हां, टेबलाच्या पैशांपलीकडे पैजा लागत असतील तर मात्र खरंच बंद करा, हे आधी लिहायला हवं होतं. आमच्या तळघरात एक जण मनगटावरचं घड्याळ हरला. तो मीच, अशी वडिलांची आजही ठाम समजूत आहे. माझं घड्याळ स्वारगेटला बसच्या गर्दीत गेलं, हे मी 1998 पासून सांगतोय.