नवा ब्राउझर वापरून बघा, पण मुक्काम लगेच हलवू नका

तुमचा प्रश्न असा आहे की नुकताच लाँच झालेला ब्राउझर 'क्रोमपेक्षा हलका आणि वेगवान' असल्याचं सांगतोय, तर सगळं सोडून त्यावर जावं का. माझं मत: जरूर टाकून बघा, पण इतक्यात डिफॉल्ट करू नका.

आधी आत इंजिन (वेबपानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारा गाभा) कोणतं आहे ते बघा. आज वापरात असलेली मोठी इंजिनं तीनच: क्रोमचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. स्वतःचं इंजिन सांभाळणं भल्याभल्यांना झेपलेलं नाही. ऑपेराने २०१३ मध्ये आपलं प्रेस्टो इंजिन सोडलं, मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचं सोडून जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवरचं (म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्या खुल्या कोडवरचं) एज आणलं. लेडीबर्ड या नव्या ब्राउझरवाले शून्यापासून इंजिन लिहितायत, पण ते अपवाद. बाकी बहुतेक नवे ब्राउझर म्हणजे क्रोमियमवर चढवलेला नवा साज.

मग तो वेगवान का वाटतो? कारण तो कोरा असतो. एक्स्टेन्शन नाहीत, पन्नास टॅब उघडे नाहीत, वर्षानुवर्षांचा डेटा साठलेला नाही. खात्री करायची असेल तर क्रोममध्येच एक नवं प्रोफाइल बनवा आणि त्याच साइट्स शेजारी-शेजारी उघडा. फरक बहुधा तिथेच विरघळेल.

खरी मेख अपडेटमध्ये आहे. क्रोमियमचा कोड खुला आहे, त्यामुळे एखादं सुरक्षेचं भोक बुजवलं की ती दुरुस्ती कोडमध्ये सगळ्यांना दिसते, अगदी हल्लेखोरांनाही. २०२३ पासून क्रोमला सुरक्षा अपडेट दर आठवड्याला येतात. तुमच्या नव्या ब्राउझरची टीम तीच दुरुस्ती पंधरा दिवसांनी देत असेल, तर तेवढे दिवस तुम्ही उघड्यावर. तपासणं सोपं आहे: सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर बहुधा क्रोमियमचा आवृत्ती क्रमांक मिळतो, तो क्रोमच्या चालू स्टेबल आवृत्तीशी ताडून बघा. एकदा बघून भागत नाही, महिनाभर अधूनमधून बघा. सुरुवातीचा उत्साह सगळ्यांकडेच असतो.

त्यात एआय असिस्टंट असेल (हल्ली नसतो कुठे?) तर आणखी जपून. पानावर माणसाला न दिसणारा मजकूर लपवून असिस्टंटला भलत्याच सूचना देता येतात, याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात आणि यावर पक्का तोडगा अजून निघालेला नाही. बँक किंवा मेल लॉग-इन असलेल्या प्रोफाइलमध्ये त्याला बटणं दाबायची मुभा देऊ नका.

पैसा कुठून येतो हेही विचारा. आर्क या ब्राउझरचं उदाहरण ताजं आहे. लोक त्याच्या साइडबारवर फिदा होते, पण २०२४ मध्ये कंपनीने त्यात नवी फीचर्स देणं थांबवलं, लक्ष दुसऱ्या ब्राउझरकडे वळवलं आणि पुढे अख्खी कंपनीच ॲटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीने घेतली. ज्यांनी आपली सगळी कामाची घडी त्यावर बसवली होती, त्यांची पंचाईत झाली.

म्हणून पहिल्याच स्क्रीनवर 'सगळं इम्पोर्ट करा' असं विचारलं तर फक्त बुकमार्क द्या. पासवर्ड देऊ नका, ते वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असलेलेच बरे, म्हणजे उद्या ब्राउझर बदलला तरी अडत नाही. सिंक बंद ठेवा. यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनसाठी जात असाल तर ते ज्यावर चालतं त्या मॅनिफेस्ट व्ही-टूचा (एक्स्टेन्शनच्या जुन्या पद्धतीचा) पाठिंबा आहे का ते आधी बघा. नसेल तर त्यासाठी फायरफॉक्सच बरा.

'अबाउट' पानावरचा क्रमांक आणि ऑपरेटिंग सिस्टिम इथे लिहा, मग पुढचं बोलू.