वाळूवर आदळलेलं जहाज

प्रश्न : ‘ग्लॉस्टर’ ही इंग्रज युद्धनौका १६८२ मध्ये वाळूवर आदळून बुडाली. पंढरपुरात वाळूत टेकलेली नाव ढकलून काढतात. मग एवढं जहाज बुडालं कसं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : चंद्रभागेत नाव अलगद टेकते. ‘ग्लॉस्टर’ मात्र ६ मेच्या पहाटे, इंग्लंडच्या नॉर्फोक किनाऱ्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर, शिडं वाऱ्याने भरलेली असताना पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर आदळली. सुकाणू निखळलं, पाणी आत घुसलं. जहाज वाळूवर अडकून राहतं तर बरीच माणसं वाचली असती. ते घसरून खोल पाण्यात गेलं आणि तासाभरात बुडालं. १६५४ साली बांधलेल्या या नौकेवर इंग्लंडचा भावी राजा जेम्स होता. त्याने उतरायला उशीर केला. त्याच्याआधी इतरांनी उतरायचं नाही, हा शिष्टाचार अनेकांच्या जिवावर बेतला. अवशेष २००७ मध्ये सापडले. खात्रीची ओळख २०१२ मध्ये, जहाजाच्या घंटेवरून पटली.